पुस्तक मिटून सांग

माझ्या वडिलांना अभ्यास घ्यायची एकच पद्धत ठाऊक होती आणि ती मी तेराव्या वर्षी एका खोट्या सहीने बंद पाडली. हे एवढं वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. आता लिहिलंच आहे, तर बाकीचंही सांगून टाकते.

आम्ही तेव्हा आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. खाली तमिळ, समोर बंगाली, वर गढवालचे. जिन्यात सगळे हिंदीत भांडायचे आणि दार लावून घेतलं की आपापल्या भाषेत जेवायचे. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. फाइलींवर टिपणं लिहिणं हे त्यांचं काम. सोलापूरकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकले आणि परीक्षा देत देत दिल्लीपर्यंत पोचले. इंग्रजी लिहायचे झकास. बोलायचं झालं की मात्र आधी मनात एकदा वाक्य लिहून बघायचे आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा.

संध्याकाळी साडेसहाला चार्टर्ड बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची. हातपाय धुणं, चहा, बशीभर चिवडा, की सात वाजले. सात वाजता मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबा आत वेताच्या मुढ्यावर बसलेले, आई ओट्यापाशी पोळ्या लाटत. आणि मग ते ठरलेलं वाक्य: "पुस्तक मिटून सांग."

त्या दिवशी शाळेत जे शिकवलं असेल ते, पुस्तक न बघता, मराठीत, आईला समजेल असं सांगायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैदान हिंदी माध्यमाचं आणि हे सात वाजताचं प्रकरण मराठीत. बाबा मध्ये बोलायचे नाहीत. निकाल आईचा. आईने मान हलवली की पास. आई लाटणं थांबवून म्हणाली, "नाही गं कळलं," की मुकाट्याने आतल्या खोलीत जायचं, पुन्हा वाचायचं आणि पुन्हा दारात येऊन उभं राहायचं. आई अकरावीपर्यंत शिकलेली होती, पण ती उगाच मान हलवायची नाही. पोळी करपली तरी चालेल, पण न कळलेलं कळलं म्हणायची नाही.

एकदा घनतेचा धडा होता. मी ऐटीत म्हणाले, "मास अपॉन व्हॉल्यूम."

"ते सूत्र झालं," बाबा म्हणाले. "आईला सांग."

मी अडखळले, चिडले, आत गेले, बाहेर आले. शेवटी फळीवरचे दोन सारखे डबे काढून आईच्या हातात दिले, एकात चुरमुरे, एकात साखर. "डबा तेवढाच आहे ना? मग हा जड का?"

आई दोन्ही डबे हातात तोलत राहिली. "म्हणजे जागा तेवढीच, पण आत माल किती ठासून भरलाय, ते. असंच ना?"

"घनता," बाबा म्हणाले. शब्द नेहमी असा शेवटी मिळायचा, आधी कधीच नाही. आधी समजायचं, मग त्याचं नाव. घनता, उत्कलन, बाष्पीभवन, लसावि. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला हे शब्द माहीत नव्हते आणि मला ते माहीत आहेत हे मी कुणाला सांगत नव्हते.

मग जे सांगितलं ते चार ओळींत लिहायचं. त्यासाठी ऑफिसातले एका बाजूने कोरे, रद्दीत निघालेले कागद असायचे. खाली बाबा सही आणि तारीख टाकायचे, फाइलवर टाकतात तशी. कागद गठ्ठ्यात जायचा. रविवारी सकाळी त्या गठ्ठ्याच्या तळातून एखादा जुना कागद निघायचा आणि बाबा विचारायचे, "हे आठवतं का?" बहुतेक वेळा आठवायचं. सहावी-सातवीत मी पहिल्या पाचात असायचे आणि मला वाटायचं, मी हुशार आहे.

आज माझ्या मुलीच्या शाळेतून पालकांसाठी व्याख्यानं होतात. बाहेरून कुणी तरी बाई येतात आणि पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात की वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगा, काही दिवसांनी पुन्हा आठवून बघा, तेव्हाच ते टिकतं. आजूबाजूच्या आया वह्यांत लिहून घेतात. मी खुर्चीत बसून नखं खाते. आमच्याकडे हे सगळं एका मुढ्यावर आणि पोळपाटावर, फुकट मिळत होतं.

आठवीत बिघडलं. पलीकडच्या ब्लॉकमधली वर्गातली एक मैत्रीण वही मागायला नेमकी सातला आली. दार उघडंच होतं. मी हात मागे बांधून आईला लोखंड का गंजतं ते सांगत होते. ती माझ्या मागे किती वेळ उभी होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने हात मागे बांधले, मान वाकडी केली आणि नाकातून "लोखंडऽ गंजतंऽ" असं काहीतरी सुरू केलं. "तेरे पापा किचन में क्लास लेते हैं क्या? मम्मी भी स्टूडेंट है?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. तेच माझं चुकलं, पहिल्यांदा. लाज वाटायची तर त्या मुलीची वाटायला हवी होती, वाटली बाबांची.

त्यानंतर सात वाजत आले की मी बाहेरच्या दाराला कडी लावून यायचे. मी कारणं काढू लागले. डोकं दुखतंय, प्रोजेक्ट आहे, आज काही शिकवलंच नाही. उभी राहिले तरी खिडकीकडे डोळा ठेवून, हळू आवाजात बोलायचे. आईला कळायचं नाही आणि मला पुन्हा आत जायचा कंटाळा. अर्धवट काम करणाऱ्याला फळही अर्धवटच मिळतं. पहिल्या चाचणीत मार्क सपाटून घसरले.

आता त्याला कारण द्यायला हवं होतं. माझं मलाच नवल वाटतं, तेरा वर्षांच्या डोक्यातून ते इतकं सरळ निघालं. शाळेची डायरी असायची, तिच्यात टीचर पालकांसाठी शेरे लिहायच्या. मी टीचरचं अक्षर दोन दिवस गिरवलं आणि लाल पेनने इंग्रजीत लिहिलं की घरी मातृभाषेत शिकवल्यामुळे आपल्या पाल्याचा गोंधळ होत आहे व त्याचा परिणाम गुणांवर होत आहे, तरी हे कृपया टाळण्यात यावे. खाली टीचरची सही. ही भाषा मी कुठून आणली? बाबांच्याच त्या कागदांवरून. एका बाजूला माझी घनता असायची आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीतलं हे असलं 'कृपया टाळण्यात यावे'. कुठलीही शाळेतली बाई असं लिहिणार नाही. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर जागच्या जागी पकडलं असतं. पण बाबांना ती भाषा घरचीच होती.

त्यांनी शेरा वाचला. ओळीखाली बोट धरून पुन्हा वाचला. ते सगळंच दोनदा वाचायचे. मग चष्मा काढला.

"टीचर रागावल्या का गं तुला?"

"नाही."

"वर्गात सगळ्यांसमोर काही बोलल्या?"

"नाही, बाबा."

त्यांनी पेन काढलं आणि शेऱ्याखाली 'नोटेड' असं लिहून सही केली, तारीख टाकली. डायरी माझ्या हातात दिली. मला वाटलं, सुटले. आता सात वाजता टीव्ही बघता येईल, एवढंच माझ्या मनात होतं, याहून जास्त काही नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, पण खरंच नव्हतं.

रात्री जेवायला बसलो. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चलो बेटा, खाना खा लो."

मी फिस्सकन हसले. आईही हसली. बाबा हसले नाहीत.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला फक्त तो सात वाजताचा वर्ग बंद करायचा होता. पण बाबा सरकारी माणूस. आदेश आला की तो पूर्ण पाळायचा, सोयीचा तेवढा नाही. मातृभाषेने मुलीचं नुकसान होतंय, असं शाळेने लेखी कळवलंय, मग अभ्यासात काय आणि जेवताना काय. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. हिंदी बोलायचे, मध्येच ऑफिसातलं इंग्रजी. आईशी मराठीत बोलत असले आणि मी खोलीत आले तर वाक्याच्या मधोमध रूळ बदलायचे.

"अहो, पोरीशी काय हिंदीत बोलता?" आई वैतागायची. "ती काय शेजारची आहे?"

"शाळेनं लेखी दिलंय."

"तुम्हाला दिलंय. मला कुणी काही लिहिलेलं नाही," असं म्हणून आई माझ्याशी दुप्पट मराठी बोलायची. आज हे मी मराठीत लिहितेय ते केवळ तिच्या हट्टामुळे. बाबांचा मात्र हिंदीत आवाजच वेगळा व्हायचा. मराठीत ते चिडवायचे, म्हणी टाकायचे, आईची नक्कल करायचे. हिंदीत सूचना द्यायचे. दूध पी लो. बस आ गई. ध्यान से जाना. तेरा वर्षांच्या मुलीशी तिचा बाप पाहुण्यासारखा वागायला लागला आणि तो पाहुणा मी घरात आणून बसवला होता.

पालकसभेला बाबा आले तेव्हा माझं धाबं दणाणलं. चोराच्या मनात चांदणं. पण बाबांनी विषयच काढला नाही. टीचरसमोर मान खाली घालून बसले, "जी, जी," करत राहिले आणि उठून आले. वाचले, असं मला वाटलं. ते लाजत होते, हे कळायला मला फार वर्षं लागली. आपल्या अडाणीपणामुळे मुलीचे मार्क गेले आणि ते या बाईंना माहीत आहे, या समजुतीने ते त्या छोट्या बाकावर तसे बसले होते.

त्याच थंडीत संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबला गेली. दरवर्षी जायची. धुकं इतकं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसलं नाही. बाबांना ती लढाई पाठ होती. कुठे कुठली फौज उभी होती, अन्न कसं तुटलं, ऊन कसं डोळ्यावर आलं, हे ते सगळ्यांना सांगत होते आणि बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत होत्या. मी जवळ गेले तर थांबले आणि माझ्यासाठी दोन वाक्यांत हिंदीत सांगितलं, "यहाँ लड़ाई हुई थी, बेटा. अपने लोग हार गए थे." शाळेच्या सहलीचा गाइड सांगेल तसं. मग तिळगुळाचा डबा फिरला. सगळे एकमेकांना तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत होते. बाबांनी माझ्या तळहातावर लाडू ठेवला आणि क्षणभर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "लो, बेटा."

आमच्या बसमध्ये एक नवीन कुटुंब होतं. नुकतेच बदली होऊन आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आले होते. दोन लहान मुलगे, एक दुसरीत, एक बालवाडीत. परत निघायच्या आधी त्या शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, "साहेब, तुम्ही इथे जुने. पोरांशी घरात मराठी बोलायचं की नाही? शाळेत अडचण होते का हो?"

मी दोन पावलांवर होते. हातात तो लाडू तसाच.

बाबा म्हणाले, "आम्ही जी चूक केली ती तुम्ही करू नका. हिंदी, इंग्रजी, जे शाळेत आहे तेच बोला. पोरांचं नुकसान होतं. आमच्या मुलीचं झालं. शाळेनं लेखी कळवलं तेव्हा आमचे डोळे उघडले."

काका गंभीरपणे मान हलवत होते. बाबांचा शब्द कॉलनीत चालायचा. तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: बाबा, ते मी लिहिलंय. तोवर पाप माझ्या घरातलं होतं. त्या क्षणानंतर ते शेजारी गेलं. मी लाडू तोंडात टाकला आणि बसमध्ये जाऊन खिडकीची जागा धरली. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी थंड डोक्याने केलेली दुसरी नाही.

पुढच्या अभ्यासाचं काय सांगायचं? सात वाजता टीव्ही मिळाला. परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड घेऊन बसायचं, रंगीत पेनांनी ओळी रंगवायच्या, घोकायचं आणि पेपर देऊन विसरायचं, ही सवय मी त्याच वर्षी लावून घेतली आणि ती मोडली नाही. पान वाचून झालं की पुस्तक मिटायची मला भीती वाटायची, कारण मिटल्यावर हातात काहीच उरायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. दहावी निभावली. बारावीत घसरले. मला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, घनतेच्या त्या डब्यांपासूनच शिकायचं होतं. जिथे प्रवेश मिळाला तिथे भलताच विषय घेतला. आज गुडगावच्या एका ऑफिसात मी इतरांच्या आकड्यांचे रंगीत तक्ते बनवते. पगार चांगला आहे. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा गच्चीवर एकटेच फेऱ्या मारत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.

का नाही सांगितलं? आधी भीती होती. नंतर, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय, असं वाटायला लागलं. पुढे पुढे तर बाबांशी हिंदीत बोलण्यात काही वेगळं आहे हेच मी विसरले. नवऱ्याला वाटायचं, दिल्लीकरांच्या घरात असंच चालतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. ती होती तोवर घरात मराठी होतं. आता बाबा द्वारकेला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये एकटे असतात आणि आम्ही बापलेक आईच्या फोटोसमोर बसून हिंदीत बोलतो.

आई गेली तेव्हा ते शेजारचे काका, निवृत्तीनंतर पुण्याला गेलेले, भेटायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, त्यांची आई शेवटची दोन वर्षं दिल्लीत त्यांच्याकडेच होती. मुलं प्रेमळ, पायाशी बसायची. "पण बोलता येत नव्हतं हो. आजीला हिंदी नाही, यांना मराठी नाही. एकमेकांकडे बघून नुसती हसायची." मी चहाचे कप उचलून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

हे सगळं वर आलं ते माझ्या मुलीमुळे. ती सातवीत आहे. अभ्यास म्हणजे कानात इअरफोनची बोंडं घालून दुप्पट वेगाने व्हिडिओ बघायचे आणि पुस्तकात पिवळ्या रेघा मारायच्या. या वेळी मार्क उतरले. मी ओरडले, ती रडली, आणि मला एकदम तो मुढा आठवला. पुढच्या शनिवारी तिला आणि तिचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन मेट्रोने द्वारकेला गेले.

"बाबा, हिचा अभ्यास घ्या ना," मी म्हणाले. "माझा घ्यायचात तसा. मराठीत." आम्हा दोघांत मराठी वाक्य किती वर्षांनी आलं होतं, देव जाणे.

बाबांनी दोन्ही हात वर केले. "नहीं, नहीं. मुझसे नहीं होगा, बेटा. एक बार तुम्हारे साथ कर चुका हूँ गलती. इस बच्ची का नुकसान नहीं करना."

मुलीला मी खाली बागेत पिटाळलं. मग त्यांच्या समोर बसले आणि सांगितलं. डायरी, लाल पेन, टीचरची सही, त्यांच्याच कागदांवरून उचललेली भाषा, सगळं. मराठीत सांगितलं. मध्ये रडायला आलं तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा पंचवीस वर्षं गेली असती. बाबा रागावतील अशी माझी तयारी होती. खरं तर ते रागावावेत असं वाटत होतं.

ते बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मतलब, मेरे पढ़ाने से नहीं हुआ था?"

"नाही, बाबा."

"बारावीचा रिझल्ट?" एवढं मराठीत सुरू झालं आणि त्यांनी स्वतःला सावरलं. "ट्वेल्थ में जो हुआ, वो भी नहीं?"

"तुमचं शिकवणं थांबलं म्हणून झालं ते."

त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मला तेव्हा कळलं की माझी शिक्षा मी भोगलेलीच नाही. ती पंचवीस वर्षं दुसराच कुणी भोगत होता. गच्चीवरच्या त्या फेऱ्या माझ्यावरच्या रागाच्या नव्हत्या.

मला वाटलं, आता ते काही बोलतील. माफ केलं म्हणतील किंवा नाही म्हणतील. बाबा उठले, खणातून फोन नंबरांची जुनी वही काढली, बोटाने ओळी शोधल्या आणि पुण्याला फोन लावला. त्या शेजारच्या काकांना.

"नमस्कार. हो, हो, तब्येत उत्तम. एक दुरुस्ती कळवायची होती." आवाज एकदम भरलेला, मोकळा. मी हा आवाज विसरले होते. "मागे आपण काला अंबला गेलो होतो, आठवतंय? मी तुम्हाला म्हटलं होतं, पोरांशी मराठी बोलू नका म्हणून. ते चूक होतं. फार उशीर झालाय, कल्पना आहे मला. पण चुकीचा सल्ला मागे घ्यायला पाहिजे."

पलीकडून काका काहीतरी विचारत होते. शाळेने लेखी दिलं होतं ना, असंच असणार. मी मान खाली घातली. आता माझं नाव येणार होतं, आणि यायलाच हवं होतं.

"नाही हो, शाळेचा काही दोष नाही," बाबा म्हणाले. "मीच शेरा नीट वाचला नव्हता. माझ्याच वाचण्यात चूक झाली."

सगळं दोनदा वाचणारा, ओळीखाली बोट धरणारा हा माणूस. त्याला घडीभरापूर्वी कळलं होतं की आपली काही चूक नव्हती. ते सुख त्याने दहा मिनिटंसुद्धा स्वतःजवळ ठेवलं नाही.

फोन ठेवून होतोय तोवर मुलगी वर आली. बाबांनी तिला समोर बसवलं, तिचं पुस्तक घेतलं, मिटलं आणि त्यावर तळहात ठेवला. "सांग बरं," ते तिला हळूहळू म्हणाले, "काल शाळेत काय शिकवलं? पुस्तक मिटून."

"मराठी में, आजोबा?" तिने घाबरून माझ्याकडे बघितलं.

"जमेल तसं. आईला कळलं पाहिजे."

ती चाचरत, तीन भाषांची खिचडी करत, झाडं पाणी वर कसं ओढतात ते सांगू लागली. मी नकळत उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले होते, हात मागे बांधून. बाबांचं लक्ष गेलं. मला वाटलं, आता. आता तरी.

"तुम क्यों खड़ी हो, बेटा?" ते म्हणाले. "बैठ जाओ."

मी बसले.